खिचडीच्या टायमाला सगळ्यात लहान: चौथीच्या वर्गातल्या सावलीचं प्रकरण

वहीच्या पुढच्या पानावर लिहिलं होतं, "१२ वाजता, ८७ सेंमी, सर्वात लहान", आणि त्यावर माझ्याच लाल पेनची बरोबरची खूण. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर, जिथं पोरं फुल्ली-गोळा खेळतात तिथं, पेन्सिलनं बारीक अक्षरात, "१२:२५, ८५ आणि अर्धा". त्याखाली दुसऱ्या दिवसाचं, "१२:२०, ८५ आणि अर्धा". तिसऱ्या दिवसाचं, "१२:२५, परत तेच". रात्री साडेनऊला वह्या तपासत बसलो होतो, आणि हे पान दिसल्यावर पुढची वही काय उघडवली नाही. पोरीनं मला जे पाहिजे होतं ते पुढं लिहिलं होतं आणि तिला जे दिसलं होतं ते मागं लपवून ठेवलं होतं. आणि हे सगळं मी ज्याला मोठ्या कौतुकानं "शोधातून शिक्षण" म्हणत होतो त्या, काठीची सावली मोजायच्या उपक्रमात घडलं होतं.

ट्रेनिंगला गेलं की यशोगाथा लिहून मागतात. ही ती नाही, निदान पहिला आठवडा तर नाहीच नाही.

आधी शाळा सांगतो. सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग, माण तालुका, जिल्हा परिषदेची पहिली ते चौथी, दोन शिक्षकी. माझ्याकडं तिसरी आणि चौथी एकत्र, चौथीत १९ आणि तिसरीत १४. ज्यांनी दोन वर्ग एकत्र सांभाळलेत त्यांना वेगळं सांगायला नको, एका वर्गाला काम लावून दिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही, म्हणजे हे सगळं चालू असताना तिसरीची पोरं लिंबाच्या झाडाखाली शुद्धलेखन करत बसलेली आहेत आणि दर पाच मिनिटांनी एक जण पाणी प्यायला उठतोय हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. आमच्याकडं पाऊस नाही, पाणी नाही, पण ऊन म्हणाल तर भरपूर. साहित्य म्हणून तेवढंच फुकट मिळण्यासारखं होतं.

सुरुवात माझ्याच एका वाक्यानं झाली. डिसेंबरचा पहिला आठवडा, परिसर अभ्यासात दिशा आणि सूर्य असं काहीतरी चाललं होतं आणि मी सवयीनं बोलून गेलो की दुपारी बारा वाजता सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. डीएडला असल्यापासून हे वाक्य मी बोलत आलोय, माझ्या गुरुजींनी मला सांगितलेलं, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. मधल्या सुट्टीत एक पोरगा मला हाताला धरून पटांगणात घेऊन गेला, त्याचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, वर्षातले काही महिने तो शाळेत नसतोच. म्हणतो, "गुरुजी, सावली पायाखाली जाती म्हणलात, माझी तर भिताडाकडं पडलीया." आणि खरंच त्याच्या छातीएवढी लांब सावली उत्तरेच्या भिंतीकडं पडलेली होती. भर दुपारी.

तेव्हा मला उत्तर येत होतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो म्हणून सावली उत्तरेला पडते. सांगून टाकलं असतं तर दोन मिनिटांत विषय संपला असता. पण त्याच महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत कृतीवर बोलणं झालं होतं, म्हणून म्हणलं चला मोजूया. इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

मोजायच्या आधी एक गोष्ट बरी केली, प्रत्येकाकडनं अंदाज लिहून घेतला: सावली सगळ्यात लहान किती वाजता असेल? १७ जणांनी "बारा" लिहिलं कारण मी आदल्या दिवशी बोललोच होतो. एकीनं "अकरा". आणि त्या मेंढपाळाच्या पोरानं लिहिलं, "जेवायच्या टायमाला". वर्ग हसला, मीपण हसलो, त्याला म्हणलं घड्याळातला टाइम लिही. त्यानं खोडून बारा लिहिलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता काठी. ऐकायला सोपं वाटतं की काठी रोवा आणि सावली मोजा. चार गट केले, चार काठ्या, आणि पहिल्याच दिवशी चार गटांची चार वेगळी मापं. काठ्या वेगवेगळ्या उंचीच्या होत्या हे एक. एका गटानं काठीच्या बुडापासून न मोजता भोवतीच्या ढिगाऱ्याच्या कडेपासून मोजलं. आणि आमचं पटांगण मुरमाड, पहारीनंसुद्धा खड्डा पडत नाही, त्यामुळं काठ्या सगळ्या झुकलेल्या. पोरं भांडायला लागली की आमचीच बरोबर. मी मध्ये पडलो नाही, फक्त विचारलं की चौघांची सारखी यायला काय काय सारखं पाहिजे. यावर अख्खा एक तास गेला. काठी एकच मापाची, एक मीटर, शिलाईच्या टेपनं मोजून कापलेली, हे पोरांनी ठरवलं. काठी मुरमात रोवायच्या ऐवजी खिचडीच्या तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात मुरूम ठोकून त्यात उभी करायची हे खिचडीवाल्या मावशींनी सुचवलं, आणि मीटर डब्याच्या तळापासून भरायचा, नाहीतर डब्याचीच उंची वाढते, हे पोरांनी त्यात घातलं. सावलीसुद्धा वरच्या टोकाची धरायची, डब्याची नाही.

राहिलं काठी सरळ उभी आहे का ते. एक म्हणाला डोळ्यानं दिसतंय की. दुसरी म्हणाली इकडनं सरळ दिसतीय, तिकडनं वाकडी. तिचे वडील गवंडी. दुसऱ्या दिवशी ती घरनं ओळंबा, म्हणजे भिंत सरळ बघायचं दोरीला बांधलेलं वजन, घेऊन आली, आणि तिच्या मागोमाग वडीलच आले कारण त्यांना वाटलं पोरगीनं अवजार न विचारता उचललं. आले ते थांबले. ओळंबा काठीला लावून दाखवला, मग म्हणाले एका बाजूनं बघून भागत नाही, दोन बाजूंनी बघायचं, समोरनं आणि कुशीतनं. दोन्हीकडनं दोरी आणि काठीतलं अंतर वरपासून खालपर्यंत सारखं पाहिजे. चौथीच्या पोरांना लंब म्हणजे काय हे मी फळ्यावर तीन वर्षं काढून दाखवतोय, पण त्या माणसानं पाच मिनिटांत जे केलं ते माझ्याच्यानं झालं नव्हतं. जाताना म्हणाला, "मला वाटलं पोरं अभ्यास करत न्हाईत, उन्हात हिंडवताय." हे वाक्य दोन-तीन पालकांचं होतं. तो तोंडावर बोलला एवढंच.

मग ९ डिसेंबरला खरी मोजणी. साडेदहाला ११६ सेंमी, अकराला १०१, साडेअकराला ९२, बाराला ८७. बारा-दहाला घंटा, खिचडी, मग पोरं हात धुऊन, थोडं खेळून, दीड वाजता परत काठीजवळ: ९५. मी फळ्यावर आकडे मांडले, कमी होत होत बाराला सगळ्यात कमी आणि मग परत वाढलं, बघा आलं का उत्तर, दुपारी बारा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला, अंगठे आले.

बारा ते दीड आम्ही कुणी मोजलंच नव्हतं. दीड तासाचं भगदाड होतं आणि ते कुणाला दिसलं नाही कारण खिचडी तेव्हाच असते. माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत सूर्याचं आणि खिचडीचं हे साटंलोटं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गवंड्याच्या पोरीचा गट ताटाच्या रांगेत शेवटी होता. रांग सरकेना म्हणून ती काठीजवळ जाऊन उभी राहिली. मग धावत आली, "गुरुजी, अजून कमी झाली." मी मावशींबरोबर तांदळाचा हिशोब करत होतो. न बघता बोललो, "काठी हलली असेल. बाराचीच बरोबर असते." ती म्हणाली, "ओळंबा लावलाय." मी म्हणलं, "मग माप चुकलं असेल, जा जेवून घे."

हे असं झालं. ना रागावलो, ना खेकसलो. प्रेमानं सांगितलं आणि प्रेमानंच चूक केली. बाराचं ८७ आणि बारा-पंचवीसचं साडेपंच्याऐंशी, फरक दीड सेंटिमीटरचा. पोरीच्या बोटाची रुंदी. एवढ्या फरकाला मी चूक म्हणलं कारण माझं उत्तर आधीच तयार होतं, आणि आदल्या दिवशीच गट-गटात दोन दोन सेंटिमीटरचा घोळ झालेला मी बघितला होता. म्हणजे माझ्याकडं सबबपण चांगली होती.

तीन दिवस तिनं मागच्या पानावर लिहिलं. चौथ्या रात्री मला सापडलं.

सकाळी पहिलं काम वर्गातलं घड्याळ तपासलं, ते मोबाइलपेक्षा चार मिनिटं पुढं. वाटलं हेच असेल. पण चार मिनिटांनी पंचवीस मिनिटं भरून निघत नाहीत. आणि तिनं कधी कुठलं घड्याळ बघितलं हे विचारलं तर म्हणाली मावशींचा मोबाइल. मग मी वर्गासमोर ती वही उघडली, तिला विचारूनच, आणि म्हणलं की हिचं माप मी चूक म्हणालो, पण मी मोजलं नव्हतं, हिनं मोजलं होतं, आता काय करायचं. वर्ग गप्प. गुरुजी चुकले असं म्हणायची पोरांना सवय नसते, ती आधी तोंडाकडं बघतात की हा डाव आहे का. शेवटी कोणीतरी म्हणालं, "जेवायच्या आधी मोजून ठेवू आन जेवायच्या वेळी पण मोजू." आणि तेवढ्यात तो मेंढपाळाचा पोरगा मागनं: "मी म्हणलो हुतो की, जेवायच्या टायमाला."

त्याच्या पानावरचं खोडलेलं आम्ही परत वाचलं. एकोणीस जणांत त्याचाच अंदाज बरोबर निघाला आणि तो त्यानं माझ्या सांगण्यावरनं खोडला होता. नंतर विचारलं तुला कसं माहीत, तर म्हणाला आज्जा सावली आखडायची थांबली की भाकरी सोडतो. त्याच्याकडं घड्याळ नाही.

यापुढचा भाग खरा अवघड होता आणि तो मला कुठल्या ट्रेनिंगात कुणी सांगितला नव्हता. दुपारच्या आसपास सावली इतकी हळू बदलते की सगळ्यात लहान नेमकी कधी, हे पकडताच येत नाही. १२:१५ ला साडेपंच्याऐंशी, १२:२५ ला साडेपंच्याऐंशी, १२:३० ला पण तेच. टोक अंधुक असतं, कडा नीट कळत नाही. एक गट म्हणतो सव्वाबारा, एक म्हणतो साडेबारा. शिवाय खिचडी थंड होतेय आणि मावशी ओरडतायत. दोन दिवस मी नुसता भांडणं सोडवत होतो, आणि खरं सांगतो, त्या शुक्रवारी वाटलं होतं की बस झालं, उत्तर सांगून टाकावं आणि पुढच्या धड्याला लागावं. वजाबाकी मागं पडलेली, निपुणच्या, म्हणजे वाचन-गणिताच्या सरकारी मोहिमेच्या, तपासणीची तारीख जवळ आलेली.

उपाय जुनाच निघाला. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत शंकू नावाची हीच काठी आहे, तिच्याभोवती वर्तुळ काढून सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला कुठं शिवतं ते बघून दिशा काढायची पद्धत. सकाळी सावली कमी होत होत एका क्षणी वर्तुळाला आत शिरते, दुपारी वाढत वाढत त्याच वर्तुळातनं बाहेर पडते. दोन्ही वेळा लांबी तीच. मग सगळ्यात लहान सावलीची वेळ या दोन्हीच्या बरोबर मधोमध. आणि गंमत म्हणजे टोक जिथं पटापट सरकतं तिथंच मोजायचं असल्यामुळं कडा अंधुक असली तरी एक-दोन मिनिटांपलीकडं चूक होत नाही. मधे निवांत जेवा.

पण हे मी सांगितलं नाही असं म्हणायला आवडलं असतं, खरं असं की अर्धं सांगितलं. विचारलं, "साडेअकराला जेवढी होती तेवढीच परत कधी होते?" त्यांनी शोधलं. एकीनं लगेच पकडलं की मग मधलं काढायचं. वर्तुळ काढायची दोरीची आयडिया मी दिली, खेळाच्या तासाला फक्कीनं रिंगण मारतो तसं.

नाताळची सुट्टी, मग गॅदरिंगची धांदल, त्यामुळं हे जानेवारीवर गेलं. १३ जानेवारी, भोगी. घरनं बाजरीच्या भाकऱ्या आणि मिसळीची भाजी आलेली, खिचडीला कुणी विचारेना. दोरी काठीएवढीच घेतली, एक मीटर, म्हणजे रिंगणाची कड काठीपासून काठीच्याच उंचीवर. सकाळी अकरा-दहाला टोक कडेला शिवलं. एका गटाचं अकरा-नऊ, एकाचं अकरा-बारा, पण ठीक. दुपारी सगळे दोन वाजल्यापासून उकिडवे बसलेले, तिसरीचीपण, कारण आता त्यांना झाडाखाली कोण बसवणार. दोन-दहाला टोक बाहेर पडलं. अकरा-दहा ते दोन-दहा तीन तास, निम्मे दीड तास, अकरा-दहात दीड तास मिळवा. घड्याळाची बेरीज. बारा-चाळीस. जी पोरं काट्याचं घड्याळ नीट वाचत नव्हती, आणि अशी १९ पैकी सात होती, त्यांनीसुद्धा त्या दिवशी तोंडी काढलं. दोन खुणा जोडून पूर्व-पश्चिम रेघ फुकटात मिळाली, ती अजून पटांगणात दगड मांडून ठेवलीय.

आणि लगेच दुसरा घोळ. डिसेंबरात बारा-पंचवीस होतं, आता बारा-चाळीस. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परत केलं तर बारा-शेहेचाळीस. "गुरुजी, बारा सरकतंय का?"

बारापेक्षा उशीर का, याचं उत्तर मला देता येत होतं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताचं घड्याळ लावलंय ८२.५ अंश रेखांशावर, उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळनं जाणाऱ्या रेषेवर. आमचं गाव साडेचौऱ्याहत्तरच्या आसपास, आठ अंश पश्चिमेला, म्हणजे ३२ मिनिटं उशिरा. चौथीला रेखांश नसतात, म्हणून डाळिंब घेतलं, आमच्या भागात त्याला तोटा नाही. डाळिंबाचा मुकुट म्हणजे उत्तर ध्रुव, अंगावर दोन टाचण्या, एक मिर्झापूरची एक आपली, वर्गाच्या खिडक्या लावून मोबाइलची टॉर्च सूर्य. डाळिंब सावकाश फिरवलं की एका टाचणीची सावली आधी आखडते, मग दुसरीची. पोरांनी ते किती वेळा फिरवलं असेल, शेवटी साल सुटायला लागली. "म्हंजे घड्याळात बारा वाजतात तवा ते त्यांचं बारा, आपलं न्हवं," असं एकानं म्हणलं आणि मला मुंबईची गोष्ट आठवली, १९०६ ला देशभर एक वेळ लागू झाली तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागं असलेली वेळ कित्येक वर्षं सोडली नव्हती. पोरांना हे फार आवडलं. आपल्या गावाची वेगळी वेळ ठेवूया असा ठराव पण झाला, म्हणजे शाळा बारा-चाळीस धरून उशिरा भरवता येईल.

पटवायला अजून एक पुरावा पाहिजे होता. माझा डीएडचा मित्र गोंदिया जिल्ह्यात शिक्षक आहे. त्याला म्हणलं तूपण एक मीटरची काठी उभी कर. २० जानेवारीला दोन्हीकडं रिंगण. त्यांचं मध्य आलं बारा-वीस, आमचं बारा-त्रेचाळीस. एकाच राज्यात दुपार २३ मिनिटं आधी. व्हिडिओ कॉलवर गोंदियाची पोरं ओरडून सांगतायत, "आमची झाली," आणि आमची काठीकडं बघून, "आमची व्हायचीय." मला जे अपेक्षित नव्हतं ते सावलीच्या लांबीत निघालं: आमची सगळ्यात लहान ७८ सेंमी, त्यांची ८९. वेळेच्या नादात मी विसरलोच होतो की गोंदिया आमच्यापेक्षा बरंच उत्तरेला आहे, त्यामुळं हिवाळ्यात तिथला सूर्य अजून खाली. पोरांनी विचारलं तेव्हा मी "बघून सांगतो" म्हणलं. हे वाक्य मला त्या दोन महिन्यांत निदान दहा वेळा म्हणावं लागलं आणि प्रत्येक वेळी आतनं थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू.

बारा का सरकतंय याचं उत्तर मात्र नीट देता आलं नाही. पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट बरोब्बर गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, त्यामुळं सूर्य वर्षभर घड्याळाशी जुळवून चालत नाही, कधी पुढं असतो कधी मागं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या सोळा मिनिटं पुढं, फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागं. एवढं सांगितलं. का ते त्यांना कळलं नाही आणि मला समजावता आलं नाही. भिंतीवर प्रश्नांचा एक कागद लावलाय, तिथं लिहून ठेवला.

काय बिघडलं तेपण लिहायला पाहिजे. परिसर अभ्यासाचे दोन धडे घाईत उरकले. एका गटात एकच पोरगा मोजायचा आणि बाकीचे नुसते डबा धरून बसायचे, हे मला जानेवारीत कळलं. टेप कायम पोराच्या हातात आणि पाणी आणायला कायम पोरी, हे तर तिसरीच्या एका मुलीनं झाडाखालनं बघून सांगितलं. मग टेप रोज फिरता ठेवला. आणि दोन मुलं, वाचनात मागं असलेली, यांना मोजणी छान जमली पण वहीत चार ओळी लिहिता आल्या नाहीत, त्यांचं मूल्यमापन मी तोंडी घेतलं आणि नोंदवहीत काय लिहावं हे मला आजही कळलेलं नाही.

मूल्यमापनाचा विषय निघालाच आहे तर. फेब्रुवारीत एक सराव प्रश्नपत्रिका आली, तयार छापलेली. प्रश्न: सावली सर्वात लहान केव्हा असते? पर्याय सकाळी, दुपारी १२ वाजता, संध्याकाळी. अकरा पोरांनी तिन्ही पर्याय सोडून खाली हातानं चौथा पर्याय लिहिला, "१२ वाजून ४५ मिनिटे (आपल्या गावात)". तपासायला पेपर दुसऱ्या शाळेत गेले होते. अकराही चूक. उत्तरसूचीप्रमाणे तपासणाऱ्याचा काय दोष, दोन महिन्यांपूर्वी मीपण तेच केलं होतं, तेही काठी समोर उभी असताना.

होशंगाबादचं विज्ञान शिक्षण यासाठी मला नेहमी आठवतं. १९७२ ला मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १६ मिडल स्कूलमध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सुरू केलं, पोरं प्रयोग करून शिकायची, आणि त्यांनी परीक्षासुद्धा बदलली, पुस्तक उघडं ठेवून आणि हातानं करून दाखवायची. २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं. तीस वर्षं चाललेलं. सहावी ते आठवीचं होतं ते, आमचा वर्ग लहान, पण त्यांनी परीक्षेला हात घातला ही गोष्ट मला काठ्या-खड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. आमच्याच जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे कृतीतून शिकवणाऱ्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातनं शिक्षक यायचे, मीपण गेलो होतो, तिथलं काम पोरांच्या बोलण्यात दिसत होतं. परत येऊन मी काय केलं तर वर्गाची फरशी रंगवली. वर्तुळं, चौकोन, संख्यारेषा. कृती वाढल्या, खूप वाढल्या. पण कृतीच्या शेवटी येणारं उत्तर आधी माझ्या खिशात असायचं आणि पोरांनी ते शोधून काढायचं, म्हणजे लपाछपीच. जे सापडलं ते खिशातल्याशी जुळलं नाही तर चूक पोरांची. गवंड्याच्या पोरीनं ओळंबा लावून सांगितलं तरी.

केंद्रप्रमुख फेब्रुवारीत आले होते. पटांगणातलं रिंगण बघून विचारलं हे काय. पोरांनी त्यांना उन्हात उभं करून चाळीस मिनिटं सांगितलं. मग ते वर्गात येऊन वजाबाकी तपासून गेले, त्यात आम्ही मध्यम निघालो. दोन्ही नोंदी केल्या त्यांनी, हे बरं.

एक गोष्ट राहिली होती. "पायाखाली सावली जाते" हे माझं मूळ वाक्य. ते पूर्ण खोटं नव्हतं, आपल्या गावात वर्षातनं दोनदा खरंच जाते, १० मेच्या आसपास आणि ऑगस्टच्या २-३ तारखेला. पण मेला सुट्टी आणि ऑगस्टला ढग, म्हणजे शाळेच्या टायमात बघायला मिळणं मुश्कील. पोरं चौथी पास होऊन जाणार, पाचवीला दुसरी शाळा. म्हणून मी १० मेला पालकांच्या ग्रुपवर नुसतं एवढंच टाकलं की आज बारा-अठ्ठावीसला काठी उभी करून बघा.

सात फोटो आले. एका फोटोत काठी आणि शेजारी ओळंबा, सावली नाही. मेंढपाळाच्या पोराचा आला नाही, ते तेव्हा कुठं रानात असतात, फोन लागत नाही. आणि एक फोटो नवी मुंबईतनं, सुट्टीला मामाकडं गेलेला होता. बिल्डिंगच्या गच्चीवर फरशी पुसायच्या मॉपचा दांडा उभा धरलेला, आणि खाली बोटभर सावली. सोबत व्हॉइस मेसेज: "गुरुजी, हितं बारा-अठ्ठावीसला बी सावली हाय आन बारा-चौतीसला बी हाय. तीन सेंटिमीटर. मामा म्हणतोय दांडा वाकडा धरलाय. म्या न्हाय वाकडा धरला."

मी काही उत्तर टाकायच्या आत गवंड्याच्या पोरीचा मेसेज आला, तिच्या वडिलांच्या फोनवरनं: "तू गोंदियावाणी वर हाईस. रोज बघ."

१५ तारखेला त्याचा दुसरा फोटो आला. दांडा, आणि खाली काही नाही.